चढणाऱ्याला वाट

१

घाटाचा एकच कायदा आहे. चढणाऱ्याला आधी वाट.

भरलेली गाडी चढावर थांबली की परत उचलत नाही, मागं सरकते. म्हणून थांबायचं उतरणाऱ्यानं. आंधळं वळण आलं की खालून चढणारा एक लांब हॉर्न देतो. वरच्यानं गाडी दरीच्या कडेला घ्यायची, थांबवायची, आणि मग दोन छोटे हॉर्न द्यायचे. त्याचा अर्थ, थांबलोय, ये. आधी थांबायचं, मग उत्तर. उत्तर म्हणजे शब्द. शब्द देऊन हलणारा आणि उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारा, या दोन जातींच्या ड्रायव्हरला मी कधी जवळ बसवून घेतलं नाही.

शाळा मी दुसरीत सोडली. बाकीचं ट्रकनं शिकवलं. सोलापूर-हैदराबाद रस्ता, उमरग्याचा नाका, बालाघाटाचे सगळे चढउतार मला हाताच्या तळव्यासारखे माहीत आहेत. माझ्या गाडीला कधी ओरखडा पडला नाही. हे मी सांगतो, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, गुंडाप्पाचं वय झालं.

माझा मुलगा शिवराज पुण्यात कंपनीची बस चालवायचा. यंदा तो बायकोला घेऊन येडशीला परत आला आणि सात माणसांची गाडी घेतली. लातूर-सोलापूरच्या लोकांना रविवारी डोंगर दाखवायचा, असा त्याचा बेत. धाराशिवची लेणी, रामलिंगाचं देऊळ, मग घाट. सून करिश्मा इतिहास शिकलेली. ती पुढच्या सीटवर बसून लोकांना माहिती सांगणार. दिवाळीपर्यंत हे चाललं नाही तर दोघं परत पुण्याला जाणार, असं शिवराज जेवताना बोलला. माझी बायको म्हाळसाबाई गेल्यापासून या घरात भांड्याचासुद्धा आवाज नव्हता. आता होता. पण पोराला ‘राहा’ म्हणणं माझ्या जिभेला जमत नाही. म्हणून मी म्हणालो, ‘‘रस्ता मी ठरवून देतो.’’

रस्ता ठरवणं म्हणजे काय ते या पोरांना कळत नाही. शिवराज फोनवर बोट फिरवायचा. तो फोन त्याला चार ठिकाणं दाखवायचा आणि मध्ये निळी रेघ ओढायचा. ऊन कुठल्या बाजूनं येईल, बायामाणसांना आडोसा कुठं मिळेल, माकडं डबा कुठं पळवतील, यातलं त्या रेघेत काही नाही.

‘‘लेणी सकाळी कर,’’ मी म्हणालो. ‘‘मग रामलिंग. मग जुन्या घाटानं खाली. ऊन पाठीला राहतं. बारवेपाशी जेवण. ऊन कललं की वर. तवा समदी दरी उजळलेली असते.’’

‘‘जुना घाट फोनवर दिसतच न्हाय, आप्पा.’’

‘‘फोनला दिसत न्हाय म्हणून डोंगर गेला का कुठं?’’

करिश्मा हसली. शिवराज नाही हसला.

२

जुना घाट म्हणजे मोठा रस्ता व्हायच्या आधीचा. खाली ओढ्यावर पूल होता, तो पुरात गेला. कुणी बांधला नाही. आता रस्ता पुलापाशी संपतो. तिथं दगडी बारव आहे, पडकं हेमाडपंती देऊळ आहे, चिंचेची गार सावली आहे. माणसं जेवायला बसवायला त्याहून चांगली जागा या तालुक्यात नाही. पण गाडी खाली गेली की त्याच वाटेनं वर यायचं. दुसरी वाट नाही.

हे नीट लक्षात ठेवा. खालून वर तीच गाडी येऊ शकते, जी आधी वरून खाली गेली.

पहिल्यांदा पाहायला गेलो तेव्हा गाडी मी चालवत होतो. शिवराज शेजारी. दुपार होती. सीताफळं पिकली होती, काचा उघड्या होत्या, वास आत येत होता. घाटाच्या मध्यावर पिंपरणीच्या झाडाचं वळण आहे. उजवीकडं कातळ, डावीकडं दरी. पुढचं काही दिसत नाही.

वळण यायच्या आधी खालून हॉर्न आला. एक, लांब.

मी गाडी दरीकडं घेतली. थांबवली. दोन छोटे हॉर्न दिले. हात आपोआप गेला. तसाच तो आयुष्यभर गेला आहे.

मग इंजिनाचा आवाज आला. दुसऱ्या गिअरमधलं, ओझं घेतलेलं इंजिन. मी वाट बघत बसलो. आवाज वर येत होता, पण गाडी येत नव्हती. चढणाऱ्या गाडीचा आवाज वळणावळणानं बदलतो. कातळाआड गेला की दबतो, उघड्यावर आला की मोकळा होतो. हा बदलत नव्हता. चढत होता आणि जागेवरच होता.

मग तो मध्येच बंद झाला. इंजिन बंद केल्यावर जो शेवटचा हिसका बसतो, तो बसला नाही. नुसता आवाज नाहीसा झाला.

‘‘आप्पा, कशाला थांबलाव?’’ शिवराजनं फोनवरून मान वर केली.

‘‘गाडी येतीय खालून.’’

‘‘कुठाय?’’

आम्ही थांबलो. कातळावर सरडा होता, तोही थांबला होता. शेवटी मी गाडी काढली. पुलापर्यंत उतरलो. वाटेत कोणी नाही. वळवायला जागा नाही, आडवाट नाही. चिंचेखाली ओल होती, त्या चिखलात चाकाची एक खूण नव्हती. शेळीचे खूर होते.

‘‘मोठ्या रस्त्याचा आवाज घुमला असंल,’’ शिवराज म्हणाला.

मलाही तसंच वाटलं. डोंगरात आवाज फसवतो. पण मोठा रस्ता आमच्या पाठीमागं, वरच्या अंगाला होता. हॉर्न खालून आला होता.

३

दुसऱ्या वेळी शिवराज स्वतः बसला स्टिअरिंगवर. किती वेळ कुठं लागतो ते त्याला पाहायचं होतं. करिश्मा बरोबर होती. तिनं थर्मासमध्ये चहा घेतला होता आणि मागच्या सीटवर बसून ती देवळाची माहिती पुटपुटत पाठ करत होती. मी पुढं.

पिंपरणीचं वळण आलं. हॉर्न आला. या वेळी अगदी वळणाखालून.

शिवराजनं पाय उचलला नाही.

‘‘थांब,’’ मी म्हणालो.

‘‘काय?’’

‘‘हॉर्न दिलाय त्येनं. थांब!’’

तो थांबला नाही. मी हँडब्रेक ओढला. गाडी फरपटत कडेला गेली, करिश्माच्या मांडीवर चहा सांडला. शिवराजनं दोन्ही हात स्टिअरिंगवर आपटले.

‘‘आप्पा, दरीत गेलो असतो आत्ता! काय चाललंय तुमचं?’’

इंजिन चढत होतं. इतकं जवळ की मला त्यातली खडखड कळत होती. मी शिवराजच्या तोंडाकडं पाहिलं. ते पोर खोटं बोलत नव्हतं. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. मग आवाज पहिल्यासारखाच नाहीसा झाला.

करिश्मा पदर झटकत म्हणाली, ‘‘मामा, हॉर्न कसला होता? एक लांब का दोन छोटे?’’

‘‘एक लांब.’’

‘‘म्हंजे चढणारा.’’

‘‘व्हय.’’

‘‘तू नको त्यांना चढवू,’’ शिवराज तिच्यावर खेकसला.

घाटाच्या तोंडाशी चाँदपाशाचं चहाचं दुकान आहे. चाँदपाशा माझ्याबरोबरचा ड्रायव्हर, आता गुडघे गेले म्हणून चहा विकतो. त्याच्या दुकानासमोरून गेल्याशिवाय जुन्या घाटात गाडी घालता येत नाही. मी त्याला विचारलं, इकडून कोण उतरतं अलीकडं.

‘‘तुझ्यासारखे यडे,’’ तो म्हणाला. ‘‘परवा तू, आज तू. बाकी शेळ्या.’’

‘‘ट्रक? ट्रॅक्टर?’’

‘‘पूल गेल्यापासून ट्रक काय उडत येनार हाय? काय झालं बे?’’

मी सांगितलं. तो बशीत चहा ओतता ओतता थांबला, मग हसला.

‘‘गुंडाप्पा, जिंदगीभर इंजिनच्या डोक्यावर बसलास. कान गेले असतील. माझे गुडघे गेले, तुझे कान. हिसाब बराबर.’’

‘‘कान गेल्यावर कमी ऐकू येतं, पाशा. जास्त न्हाय.’’

‘‘ते बी खरं हाय,’’ तो म्हणाला, आणि दुसरीकडं बघायला लागला.

४

करिश्माचं माहेर उमरग्याचं. तिथला कानाचा डॉक्टर तिच्या भावाच्या ओळखीचा. शिवराज मला घेऊन गेला. वाटेत अणदूरला खंडोबाच्या पाया पडायला मी गाडी थांबवायला सांगितली. तेवढ्या एका गोष्टीला तो नाही म्हणाला नाही.

डॉक्टर तरुण होता. त्यानं मला एका पेटीसारख्या खोलीत बसवलं. चहूबाजूंनी मऊ गादी लावलेली. दार लावल्यावर माझाच श्वास मला मोठा वाटायला लागला. पुढं काच, काचेपलीकडं डॉक्टर आणि त्याच्यामागं शिवराज. कानावर जाड बोंडं चढवली आणि हातात एक बटण दिलं.

‘‘काका, आवाज आला की बटण दाबायचं. बारीक आला तरी दाबायचं. एवढंच.’’

मी ट्रकच्या केबिनमध्ये बसतो तसा पाठ सरळ ठेवून बसलो. आवाज यायला लागले. शिटीसारखे, मग डासासारखे. मी दाबत गेलो. काही वेळा डॉक्टर मान हलवायचा, काही वेळा नुसता लिहायचा. मग तो खाली वाकला, त्याच्या यंत्राशी काही खुडबुड करायला लागला.

तेव्हा आला. एक, लांब.

बोंडांतून नाही आला. पाठीमागून आला, गादीच्या भिंतीतून. जसा वळणाखालून येतो तसा.

मी दोनदा बटण दाबलं.

डॉक्टरनं मान वर केली. दार उघडून आत आला. ‘‘काका, मी अजून आवाज सोडला नव्हता. यंत्र बंद होतं.’’

‘‘मग मी चुकलो,’’ मी म्हणालो. मी चुकलो असं मी फार लोकांना म्हटलेलं नाही.

‘‘आणि दोनदा का दाबलं? मी एकदाच सांगितलं होतं.’’

त्याला काय सांगणार? बटणाला मी हॉर्न समजलो. त्यानं विचारलं आणि मी थांबलोय म्हणून सांगितलं. पण मी थांबलो नव्हतो. मी उमरग्यात एका खोलीत बसलो होतो, आणि घाटात त्या वळणावर माझ्या शब्दावर भरवसा ठेवून काहीतरी वर चढत होतं.

डॉक्टर शिवराजला म्हणाला, दोन्ही कानांना जाड आवाज जवळजवळ ऐकूच येत नाहीत. इंजिन, हॉर्न, असले तर नाहीच. मेंदू मग आपल्या सवयीचे आवाज स्वतः भरतो. वयामुळं होतं. घाबरू नका, पण गाडी चालवू देऊ नका.

येताना नळदुर्गाजवळ शिवराज म्हणाला, ‘‘आप्पा, रविवारी पहिली ट्रिप हाय. लातूरचं एक कुटुंब हाय, चांगली माणसं हायेत. तुमी घरी थांबा.’’

‘‘मग जुन्या घाटानं जाऊ नको.’’

‘‘तुमीच तर रस्ता ठरवलाव!’’

‘‘मीच सांगतो, जाऊ नको.’’

‘‘त्यांना बारवेचे फोटो पाठवलेत म्या. त्यासाठीच येत्यात ते. आता काय लिहू त्यांना, माझ्या बापाला हॉर्न ऐकू येतो?’’ त्यानं गिअर टाकला. ‘‘पुण्यात होतो तेच बरं होतं.’’

हे वाक्य मला लागलं.

५

घरी मी दोन दिवस विचार केला. डॉक्टर शिकलेला माणूस. त्याचं यंत्र खोटं बोलत नाही. मेंदू सवयीचे आवाज भरतो, हेही पटण्यासारखं आहे. म्हाळसाबाई गेल्यावर पहिला महिना मला सकाळी तिच्या बांगड्या ऐकू यायच्या.

पण बांगड्या रोज तशाच वाजायच्या. जवळ येत नव्हत्या.

शनिवारी करिश्मा परसात भांडी घासत होती. मी जोत्यावर बसलो होतो. ती वर न बघता म्हणाली, ‘‘मामा, समजा उतरणारा थांबला आणि चढणारा गेला. मग?’’

‘‘मग जाणारा हात करतो. उपकार म्हणून. थांबलेल्यानं बी हात करायचा. मग त्यानं निघायचं.’’

‘‘नाही केला तर?’’

‘‘वाईट दिसतं. ओळख दाखवावी माणसानं.’’

तिनं मान हलवली. पाठांतर करताना हलवते तशी.

‘‘तुला कशाला पाहिजे ते?’’

‘‘लोकांना सांगता येतं, मामा. किल्ल्याबारवेपेक्षा असलं लई आवडतं लोकांना.’’

मी उठून आत गेलो. माझी अक्कल ते तिकिटाच्या तमाशासारखी दाखवणार. संताप आला. पण तिचं म्हणणं चूक नव्हतं, तेही मला कळत होतं.

६

रविवारी ते लेण्यांकडं गेल्यावर मी चाँदपाशाच्या मोपेडवर घाटाच्या तोंडापर्यंत गेलो. तिथून चालत उतरलो. गळ्यात लाल फडकं होतं, ट्रकमधलं, लोखंडी कांबी बाहेर आल्या की मागं बांधायचं ते. पिंपरणीखाली दगडावर बसलो.

बराच वेळ नुसते पक्षी होते. मग वरून शिवराजची गाडी ऐकू आली. डॉक्टरच्या म्हणण्याप्रमाणं मला ती ऐकू यायला नको होती. आणि त्याच वेळी खालून एक लांब हॉर्न आला.

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि फडकं हलवलं.

शिवराजनं दाबून ब्रेक मारला. गाडी दरीच्या कडेला थांबली. काचेतून मला त्याचं तोंड दिसलं. आधी भ्यालं, मग ओळखलं, मग लाल झालं. मागं लातूरची माणसं होती. म्हाताऱ्याला बघून एक बाई हसली आणि मग सगळे दरीकडं वळून फोटो काढायला लागले. ती जागाच तशी आहे. मीच निवडली होती.

शिवराजनं मला बाजूला हो म्हणून हॉर्न दिला. रागानं दिला. पण दोन दिले, छोटे. आणि गाडी थांबलेली होती.

मी ओरडलो, पण काय ओरडलो ते आठवत नाही.

खालून इंजिन वळणाबाहेर आलं. मी कातळाला पाठ लावली. माझ्या आणि शिवराजच्या गाडीच्या मध्ये रस्ता मोकळा होता आणि मोकळाच राहिला. पण कातळाच्या कडेचं गवत एका बाजूनं झोपत वर गेलं. चाकाखालून उडतो तसा एक खडा उडून माझ्या नडगीवर बसला. तापलेल्या ब्रेकचा वास आला आणि त्याच्या आत ओल्या गोणपाटाचा. फडकं माझ्या हातातून ओढल्यासारखं झालं. वारा नव्हता. दरीतलं पान हलत नव्हतं.

लातूरची माणसं दरीकडं बघत होती. शिवराज माझ्याकडं बघत होता.

करिश्मा मात्र शिवराजच्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत होती. तिनं हात कानापर्यंत वर केला आणि खाली घेतला. ड्रायव्हर करतात तसा.

मी खिडकीपाशी गेलो. ‘‘कुणाला हात केलास?’’

‘‘त्यांनी आधी केला ना, मामा,’’ ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. ‘‘तोंड न्हाय दिसलं. हात दिसला.’’

‘‘बास झालं,’’ शिवराज दातावर दात ठेवून म्हणाला. ‘‘आप्पा, गाडीत बसा न्हायतर घरी जा. लोकांदेखत तमाशा नको.’’

मी बाजूला झालो. ते खाली गेले.

७

मी चाँदपाशाला फोन लावला. ‘‘पाशा, वर एखादी गाडी आली का आत्ता?’’

‘‘तुझ्या पोराची खाली गेली, त्यानंतर शेळी बी न्हाय आली. का?’’

‘‘नीट बघ.’’

‘‘रस्त्यावरच बसलोय ना बे. काय न्हाय.’’

मी फोन खिशात ठेवला. ते वळणावरून वर गेलं होतं, पण चाँदपाशापर्यंत पोचलं नव्हतं. म्हणजे मधल्या रस्त्यात कुठंतरी उभं होतं. आणि माझी माणसं खाली होती. ऊन कललं की त्यांना वर यायचं होतं. दुसरी वाट नाही.

मी स्वतःला समजावलं. आता चढणारे आपले. उतरणारं ते. कायद्यानं ते थांबेल. त्यानं माझ्याकडं कायद्यानं वाट मागितली होती, प्रत्येक वेळी. ज्याला मागता येते त्याला देताही येत असेल. आयुष्यात इतका वाईट हिशेब मी कधी केला नव्हता. पण दगडावर बसून दुसरं काय करणार? वर जाऊन बघायचं होतं. पाय उठला नाही. हे मी लपवत नाही.

सावल्या लांबल्या. खालून शिवराजची गाडी ऐकू आली. वळणाखाली आल्यावर त्यानं हॉर्न दिला. एक, लांब. लहान होता तेव्हा मी त्याला मांडीवर घेऊन हा हॉर्न शिकवला होता. रागात असूनही पोरगा चुकला नाही.

मी वर कान लावला. दोन छोटे हॉर्न यायला पाहिजेत. आले नाहीत.

त्याऐवजी चाकांचा आवाज आला. रबराखाली खडी चुरत होती, नुसती खडी. इंजिन नव्हतं. इंजिन बंद करून कुणीतरी गाडी उतारावर सोडली होती.

मी रस्त्याच्या मधोमध गेलो. शिवराजकडं पाठ केली, वर तोंड केलं आणि फडकं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं.

‘‘थांब!’’

आवाज आला, आला आणि माझ्यासमोर थांबला. ब्रेक तापल्याचा वास माझ्या तोंडावर आला. मी डोळे मिटले नव्हते. वळणामुळं ऊन समोरून होतं. फडक्याची लाल छाया डोळ्यांवर पडत होती आणि त्या लाल उजेडात, फडकं जिथं संपतं तिथं, मला एक काच दिसली. काचेमागं माणसं होती. गच्च भरली होती. सगळ्यांनी तोंडं दरीकडं केली होती. मागचे, पुढचे, सगळे.

ड्रायव्हरनंसुद्धा.

मी उभं आयुष्य रस्त्यावर काढलं. झोपलेला ड्रायव्हर पाहिला आहे, प्यालेला पाहिला आहे. गाडी सोडून दरी बघणारा ड्रायव्हर मी कधी पाहिला नव्हता.

माझ्या पाठीमागं शिवराजची गाडी आली. ‘‘आप्पा, बसा आता. चला!’’

‘‘जा. थांबू नको.’’

‘‘आप्पा...’’

‘‘चढावर थांबू नको, शिवा!’’

त्यानं गाडी कातळाच्या बाजूनं काढली. मी मान वळवली नाही. इंजिन वर गेलं, वळलं, दबलं, मोकळं झालं. खऱ्या इंजिनासारखं. ते चाँदपाशाच्या दुकानापाशी पोचल्याचं कळेपर्यंत मी हात खाली घेतले नाहीत.

घेतले तेव्हा समोर रस्ता होता. दुसरं काही नव्हतं.

८

लातूरच्या माणसांनी सगळीकडं सांगितलं. बारव आवडली, करिश्माची माहिती आवडली, दरी आवडली. आता प्रत्येक रविवार भरलेला असतो. दिवाळी होऊन गेली. पुण्याचं नाव कुणी काढत नाही.

मी दर रविवारी वळणावर जातो. शिवराज आधी भांडला, मग थकला. आता तो लोकांना सांगतो, हे आमचे वडील, घाटातली वाहतूक सांभाळतात. लोक माझ्याबरोबर फोटो काढतात. मला ते आवडत नाही, पण मी उभा राहतो. सकाळी खालून येतं त्याला वाट देतो. दुपारी वरून येतं ते अडवतो. त्यानं अजून एकदाही उत्तराचे दोन हॉर्न दिलेले नाहीत. दर वेळी ते थोडं जास्त जवळ येऊन थांबतं. गेल्या रविवारी फडकं काचेला टेकलं. काच गार होती.

माझे हात आता वर राहत नाहीत. खांदे भरून येतात. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

काल संध्याकाळी करिश्मा जेवायला वाढत होती. शिवराज बाहेर गाडी धूत होता. ती भाकरी ताटात ठेवत म्हणाली, ‘‘मामा, तुमी थकलाव. एखाद्या रविवारी मी उतरून उभी राहते. मला जमंल.’’

‘‘तुला काय जमंल?’’

‘‘अडवायला. मला ओळखतो आता तो.’’

माझा घास हातात राहिला. ‘‘कोण ओळखतो?’’

‘‘गाडीवाला.’’ तिनं आमटीची वाटी माझ्याकडं सरकवली. ‘‘गेल्या रविवारी तुमी हात वर धरले होते ना, तवा आमची गाडी त्याच्या शेजारून गेली. त्यानं दरीवरून तोंड फिरवलं, मामा. माझ्याकडं.’’

बाहेर पाण्याचा आवाज थांबला. शिवराज काहीतरी गुणगुणत होता. या घरात आता सारखा कसला ना कसला आवाज असतो.

मी तिला विचारलं नाही, कसं होतं ते तोंड. तिनंही सांगितलं नाही. पण सांगायला तिला काही वाटलं नसतं, अशी ती बसली होती.

रविवार उद्यावर आला आहे. लाल फडकं मी उशीखाली घेऊन झोपतो. आज सकाळी पाहिलं तर त्याच्या उसवलेल्या काठाला कुणीतरी नीट टाके घातले होते, आणि लाल दोऱ्याची सुई करिश्माच्या पदराला खोचलेली होती.